कमरेपासून कानापर्यंत

मी केस एका बैठकीत कापले नाहीत. कमरेखाली जाणाऱ्या शेपट्यापासून कानावर संपणाऱ्या केसांपर्यंत टप्प्याटप्प्याने आले, मध्ये भरपूर महिने जाऊ दिले. "एकदाचे उडवून टाक आणि मोकळी हो" असं सांगणारे पुष्कळ भेटले. हळूहळू कापणं म्हणजे भित्रेपणा, असा त्यांचा सूर. मला ते तेव्हाही पटलं नाही, आताही पटत नाही. केस वर्षानुवर्षं बांधून ठेवले की ते मुळात कसे आहेत हेच आपल्याला माहीत नसतं. सरळ आहेत की वळणदार, दाट कुठे आणि विरळ कुठे, भोवरा कुठल्या बाजूला फिरतो, कपाळावरची बट कुठे पळायला बघते, हे सगळं वजनाखाली आणि रबराखाली दबलेलं असतं. आखूड केसांत यातलं काहीच लपत नाही. मग कात्री तिथवर पोचायच्या आत ओळख करून घेतलेली बरी, असा माझा साधा हिशोब होता.

कापायचं कारण मात्र हौस नव्हतं. कानशिलांपाशी केस मागे सरकायला लागले होते आणि भांग रुंद दिसायला लागला होता. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी भिंगातून बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "केस कसे बांधता?" घट्ट अंबाडा, रोज, त्याच जागी, दिवसभर. त्यांनी सांगितलं की ही ओढीमुळे होणारी गळती. केस सतत एकाच दिशेला ताणले गेले की मुळं दुखावतात. वेळेत ओळखून ताण काढला तर केस परत येतात. तसंच चालू ठेवलं तर त्या जागी बारीक व्रण तयार होतात आणि मग तिथे केस उगवतच नाहीत. माझं अजून परतीच्या टप्प्यात होतं. "सैल बांधा, शक्य तितके मोकळे सोडा," त्या म्हणाल्या.

कमरेखालचे केस मोकळे सोडून कुणी दिवसभर काम करून दाखवावं! खुर्चीच्या पाठीत अडकतात, बॅगेच्या पट्ट्याखाली चेमटतात, वाकलं की आपल्या आधी टेबलावर पोचतात. सैल वेणी घातली तरी तिचं वजन मागे ओढतच राहतं, ओले असताना तर विचारू नका. संध्याकाळी अंबाडा सोडला की डोक्याच्या कातडीला जी ठणक लागायची ती मी इतकी वर्षं थकवा समजत होते. तेव्हा लांबी कमी करणं हा सरळ उपाय होता. किती कमी, एवढंच ठरवायचं होतं.

इथे दोन समजुती बाजूला ठेवते, कारण त्यांच्यावर मला बरेच सल्ले मिळाले. एक म्हणजे केस कापले की दाट येतात. केसाची मुळं कातडीच्या आत असतात, बाहेर आलेला केस निर्जीव असतो. त्याचं टोक कापलं की नाही हे मुळाला कळायचा मार्गच नाही. कापल्यावर दाट वाटतात ते टोकं बोथट आणि सारख्या रेषेत आल्यामुळे. दुसरी समजूत, कापले की गळायचे थांबतात. कुणाच्याही डोक्यावरून दिवसाला साधारण ५० ते १०० केस गळतातच. फरक इतकाच की गळलेला लांब केस फरशीवर वेटोळं घालून बसतो आणि डोळ्यांत खुपतो, आखूड केस कुठे पडला ते दिसतही नाही. मनाला बरं वाटतं हे खरं, पण तो औषधाचा गुण नव्हे.

लांब केसांबद्दलचा माझा मोह एका हिशोबाने बराच सैल झाला. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंमी वाढतात, म्हणजे वर्षाला पंधरा सेंमीच्या आतबाहेर. माझे केस ऐंशी-नव्वद सेंमी असतील. म्हणजे टोकं जवळजवळ सहा वर्षांची. सहा वर्षं धुणं, विंचरणं, ऊन, उशीवर घासणं, रबराचे काच, हे सगळं त्या टोकांनी सोसलेलं. केसावर खवल्यांचं एक पातळ कवच असतं, ते टोकाकडे झिजत जातं. म्हणून शेपट्याचा वरचा भाग काळाभोर आणि खालचा वीतभर तांबूस, कोरडा, दुतोंडी. मी जे इतक्या काळजीने राखत होते त्यातला खालचा तिसरा हिस्सा असा होता. वेणीत तो उंदराच्या शेपटीसारखा निमुळता दिसायचा आणि तरी "किती लांब!" असं कुणी म्हटलं की मी सुखावायचे.

केस कापणारीची निवड हा विषय मी थोडक्यात आटोपते. लांब केसांना सारखं करून देणारे पुष्कळ असतात, आखूड केस नीट कापणारे मोजके. मी रस्त्यात, बसमध्ये, कामाच्या ठिकाणी आखूड केसांच्या बायकांच्या माना मागून निरखायला लागले. समोरून कुठलाही कट चांगला दाखवता येतो. कापणाऱ्याचा हात कळतो तो मानेवर आणि कानामागे. एक मान आवडली, तिच्या मालकिणीला धीर करून विचारलं, आणि तिने जिचं नाव सांगितलं तिच्याकडे गेले. आजही तिच्याकडेच जाते.

फोटो न्यावेत की नाही यावर मतं वेगळी आहेत. मी म्हणेन न्यावेत, पण निवडून. आपल्याला जो फोटो आवडतो त्यात बहुधा चेहरा आवडलेला असतो. चेहरा अंगठ्याने झाकून फक्त केस बघितले तर निम्मे फोटो बाद होतात. उरलेल्यांतून आपल्यासारखा पोत आणि आपल्यासारखी कपाळावरची रेषा असलेले ठेवायचे. मी नको असलेल्या केशरचनांचेही फोटो नेले होते आणि खरं काम त्यांनीच केलं. "थोडे आखूड" म्हणजे काय यावर दोन माणसांचं कधी एकमत होत नाही. "हे नको" यावर लगेच होतं. लांबी सांगताना इंच-बिंच न बोलता बोट लावून दाखवायचं: इथे, या हाडापर्यंत. आणि जाताना केस नेहमीसारखे धुऊन, आपोआप वाळलेले, न ताणलेले असे न्यायचे, म्हणजे समोरच्याला ते खरे कसे पडतात ते दिसतं.

याच काळात मला पेन्सिल आणि पट्टीचा नियम सापडला. जॉन फ्रीडा या ब्रिटिश केशरचनाकाराच्या नावावर तो सांगितला जातो. हनुवटीखाली पेन्सिल आडवी धरायची, कानाच्या पाळीखाली पट्टी उभी धरायची, आणि दोन्ही जिथे भेटतात ते अंतर मोजायचं. सव्वादोन इंचांपेक्षा कमी आलं तर आखूड केस शोभतील, जास्त आलं तर लांबच ठेवा. माझं जास्त आलं. पट्टी ठेवून दिली. जबड्याच्या कोनावरून काही अंदाज येत असेलही, पण त्या नियमात केसांचा पोत नाही, मान नाही, चश्मा नाही, आणि माणूस केस कशासाठी कापतोय हे तर नाहीच. माझ्या कानशिलांना पट्टीचं काय घेणंदेणं!

पहिला कट गळ्याच्या हाडापर्यंत. कापलेले केस विगसाठी द्यायचे ठरवलं होतं, त्यामुळे तयारी वेगळी होती. अशा बहुतेक संस्था किमान २५ ते ३० सेंमी लांबी मागतात, काही कमी चालवून घेतात. ब्लीच केलेले केस सहसा घेत नाहीत. ज्या संस्थेला द्यायचे तिच्या अटी आधी वाचून घ्याव्यात, कारण कापलेला केस परत लांब होत नाही. केस पूर्ण कोरडे हवेत. ओले बांधून पाकिटात घातले तर बुरशी धरते. आणि सगळे मिळून एक पोनी बांधून ती कापायची नाही. मानेवर एकच पोनी बांधली की पुढच्या केसांना तिथवर पोचायला लांबचा पल्ला पडतो, मागच्यांना जवळचा. कापून सोडले की पुढचे लांब, मागचे एकदम तोकडे, आणि ते सारखे करताना ठरवल्यापेक्षा कितीतरी जास्त जातात. म्हणून डोक्याचे भाग पाडून छोट्या छोट्या वेण्या घातल्या, प्रत्येकीला वर आणि खाली रबर, आणि वरच्या रबराच्या वर कात्री.

केस कापणारी पोरगी म्हणाली, "ताई, पहिली वेणी तुम्ही कापता का? खूप जणींना आवडतं." मी नको म्हटलं. मला त्या क्षणाचा सोहळा करायचा नव्हता. पण एक सांगते, वेणी कापताना कात्री सपकन चालत नाही. करकर आवाज करत, चावत चावत जाते, आणि तो आवाज आपल्याच कानामागे असतो. डोळे मिटून घेतले असते तर बरं झालं असतं असं वाटलं. मान मात्र कापणं संपायच्या आत वर आली. हे माझ्या मनाचे खेळ नाहीत, तिनेच आरशात दाखवलं की हनुवटी आधीपेक्षा उंच आहे.

नंतरचे काही दिवस हात फसत राहिले. अंगात सदरा घातला की दोन्ही हात आपोआप मानेमागे जाऊन कॉलरमधून केस बाहेर काढायचे, आणि काढायला काही नसायचं. झोपताना शेपटा उशीवर टाकायची मानेची हालचाल कितीतरी दिवस होत राहिली. शॅम्पू जुन्या मापाने हातावर घ्यायचे आणि फेस डोळ्यांत.

आणि मग वळण दिसायला लागलं. माझे केस सरळ आहेत अशी माझी आणि सगळ्या घराची खात्री होती. वजन गेल्यावर ते हलके लाटेरी निघाले, उजवीकडे जास्त, डावीकडे कमी. सारखे कापलेले केस त्यामुळे एका बाजूला आखूड दिसायचे. शिवाय खांद्याची लांबी ही स्वभावाने त्रासदायक. केस खांद्यावर टेकतात आणि बाहेर वळतात, कितीही आत वळवा. अंबाडा होत नाही, पोनीतून कानाजवळच्या बटा सुटतात, क्लिप लावल्या तर डोक्यावर दुकान. इथे बऱ्याच जणी वैतागून परत वाढवायला लागतात. मी मुक्काम वाढवला, कारण मला हवी होती ती माहिती या लांबीतच मिळत होती. बांधणं जवळजवळ बंद झालं होतं आणि कानशिलांपाशी बारीक, उभी, नवी लव दिसायला लागली होती.

त्यानंतर बॉब, हनुवटीच्या जरासा खाली. इथे ओल्या केसांचा प्रश्न आला. ओला केस ताणला जातो, वाळला की आखडतो, आणि वळणदार केस तर चांगलाच वर चढतो. ओल्यात हनुवटीला कापला तर वाळल्यावर गालावर संपतो. म्हणून तिने ओल्यात मुद्दाम लांब ठेवून कापले, वाळवले, आणि शेवटची रेषा कोरड्या केसांवर आखली. वेळ दुप्पट लागला. त्या दुप्पट वेळेला हरकत घेणाऱ्याकडे आखूड केस कापून घेऊ नयेत, असं माझं मत झालं आहे.

दाट, लाटेरी केसांचा एकाच रेषेतला बॉब खाली फुगतो आणि वर चपटा बसतो. तो त्रिकोण मला नको होता. मी म्हटलं, "आतून पातळ करा ना, ती दातेरी कात्री चालवा." तिने नकार दिला. दातेरी कात्रीने आत खूप आखूड केस तयार होतात. पहिला आठवडा छान हलकं वाटतं, मग ते आतले खुंट वाढतात आणि वरच्या केसांना खालून ढकलायला लागतात. तिने त्याऐवजी मानेवरचे केस थरांत चढते कापले, म्हणजे फुगवटा मागे गेला, बाजू पडत्या राहिल्या. हे बघताना मला पहिल्यांदा कळलं की आखूड केसांत आकार कात्रीने येतो, ब्रशने नाही. लंडनच्या व्हिडाल ससून या केशरचनाकाराने १९६०च्या दशकात हाच आग्रह धरला होता. त्याआधी तिकडच्या बायका आठवड्याला सलूनमध्ये जायच्या, रोलर लावून ड्रायरखाली बसायच्या आणि फवारा मारून ते सगळं पुढच्या खेपेपर्यंत जपायच्या. त्याचे भौमितिक कट, १९६४चा तो पाच टोकांचा कट धरून, धुऊन डोकं हलवलं की जागच्या जागी पडावेत असे होते. माझी कसोटी तीच आहे. धुऊन, टॉवेलने टिपून, बोटं फिरवून जे दिसतं तो माझा कट. सलूनमधून निघताना जे दिसतं ते तिचं कसब. म्हणून घरी स्वतः धुवेपर्यंत मी कुठल्याच कटाबद्दल मत देत नाही, आणि रडतही नाही.

बॉबवर थांबता आलं असतं. दिसायला तोच सगळ्यांत बरा होता, हे आजही कबूल करते. पण मी पुढचे केस कानामागे सारायला लागले, मग पिन लावायला लागले, मग छोटासा बुचडा बांधायला लागले. जुनी सवय जुन्याच जागी, तसाच ताण. बांधता येतील एवढे केस असले तर मी बांधणार, हे स्वतःबद्दल कळलं. मग बांधताच येणार नाहीत इतके आखूड करायचे, हे ओघानेच आलं.

पिक्सीच्या, म्हणजे कानावर संपणाऱ्या आखूड कटाच्या, वेळी कात्रीबरोबर मशीन आलं. मशीनला आकड्यांचे कंगवे असतात: १ म्हणजे साधारण ३ मिमी, २ म्हणजे ६, ३ म्हणजे १०, ४ म्हणजे १३. हे आकडे माहीत असावेत, कारण "मागे थोडं मशीन फिरवू का?" याला नुसतं "हो" म्हणणं धोक्याचं आहे. मी मानेवर ४ सांगितला, कानाभोवती नुसती कात्री. कल्ले टोकदार हवेत की मऊ, मानेवरची रेषा चौकोनी हवी की केसांच्या नैसर्गिक कडेने, असे प्रश्न आले जे मला आयुष्यात कुणी विचारले नव्हते. नैसर्गिक कडेने ठेवा, कारण ती वाढतानाही बरी दिसते. वस्तऱ्याने आखलेली रेषा आठवड्यात पुसट होते.

आणि भोवरा! डोक्याच्या मागच्या बाजूला, टाळूच्या खाली, केस जिथून गोल फिरत बाहेर पडतात ती जागा. बहुतेकांचा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, काहींचा उलटा, काहींना दोन असतात. माझा एकच, पण जोरकस, आणि शेपट्याच्या काळात मला त्याचा पत्ताही नव्हता. तिने कापण्याआधी केस ओले करून कंगव्याने तो शोधला आणि म्हणाली, "इथे दोनच रस्ते आहेत. एक तर इतके लांब ठेवायचे की वजनाने खाली पडतील, नाहीतर इतके आखूड की उभे राहायला काही उरणारच नाही. मधली लांबी ठेवली तर तुरा." लांब ठेवले. कपाळावर डावीकडेही एक छोटा भोवरा निघाला, त्यामुळे भांग कुठे पडणार हा निर्णय माझ्याकडे राहिलाच नाही. तो म्हणेल तिकडे.

सकाळचा तुरा बसवायची पद्धत मात्र मी शिकून घेतली, आणि ती का चालते हेही समजून घेतलं. केसाचा तात्पुरता आकार त्यातल्या प्रथिनांमधल्या हायड्रोजन बंधांवर ठरतो. पाणी लागलं की ते बंध सुटतात, वाळताना जसा केस असेल तसे परत जुळतात. रात्री अर्धवट ओल्या डोक्याने झोपलं की उशी जो आकार देईल तो पक्का. म्हणून सकाळी वरवर पाण्याचा हात फिरवून काही होत नाही. भोवऱ्याच्या मुळाशी पाणी पोचवायचं, मग वाळताना ते केस आधी एका बाजूला, मग उलट्या बाजूला बोटांनी दाबत न्यायचे. गोंधळलेला केस सरळ पडतो. मेण लावायचं तर बोटाच्या टोकावर मावेल एवढंच, तळहातावर पूर्ण चोळून, मागून पुढे. पुढून सुरुवात केली की सगळं कपाळावरच चिकटतं.

लांब केसांत न दिसलेल्या इतरही गोष्टी बाहेर आल्या. माझा एक कान दुसऱ्यापेक्षा जरा वर आहे. डोकं मागून चपटं आहे, म्हणून तिने तिथे केस थोडे भरीव ठेवले. चश्म्याची काडी आता केसांत लपत नाही, कानावर आडवी दिसते, त्यामुळे जाड फ्रेम अचानक खूप जाड झाली. मानेला आणि कानांच्या वरच्या कडेला ऊन लागतं, तिथे सनस्क्रीन लावायचं लक्षात ठेवावं लागतं. गार वाऱ्यात मान उघडी पडते. टाळूचं तेल लांब केसांत टोकापर्यंत पोचायचंच नाही, आता दुसऱ्या दिवशीच पोचतं, म्हणून धुणं वाढलं. कंडिशनरची बाटली संपता संपत नाही. वाळायला जो अर्धा दिवस जायचा तो मात्र खरोखर परत मिळाला.

पण आखूड केसांना काम कमी असतं हे अर्धसत्य आहे. साधं गणित बघा. महिन्याची सव्वा सेंमी वाढ कमरेपर्यंतच्या केसांत कुणाला कळतही नाही. कानावरच्या चार सेंमी केसांत तीच वाढ जवळजवळ एक तृतीयांश आहे. आकार बिघडतो, कानावर पंख फुटतात. पिक्सी नीट ठेवायची तर दर चार ते सहा आठवड्यांनी कात्री लागते, बॉबला सहा ते आठ चालतात. पूर्वी वर्षाकाठी कधीतरी टोकं कापायला जाणारी मी आता पुढची वेळ ठरवल्याशिवाय तिथून निघत नाही. काम घरातून सलूनमध्ये गेलं, इतकंच. ज्यांना तिथल्या खुर्चीत बसणं मनापासून नकोसं वाटतं त्यांनी हा विचार आधी करावा, कात्री चालल्यावर नव्हे.

लोकांबद्दल थोडं बोलावंच लागेल. सगळ्यांत जास्त ऐकलेलं वाक्य "हिंमत केलीस". त्याच्या पाठोपाठ, आवाज खाली आणून, "सगळं ठीक ना?" बाईने केस कापले म्हणजे आजार, नाहीतर मोडलेलं नातं, नाहीतर बंड. कानशिलांची गळती हे कारण सांगितलं की लोकांचा चक्क हिरमोड होतो. मला अशा वेळी आयरीन कॅसल आठवते. ही अमेरिकन नर्तकी. १९१४ साली अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेला जाताना, दवाखान्यात केसांची निगराणी नको म्हणून तिने ते कापून टाकले. नंतर ती तशीच लोकांसमोर आली आणि "कॅसल बॉब" ही फॅशनच झाली. पुढे १९२०च्या दशकात आखूड केसांवरून केवढं काहूर माजलं! पण त्या एका कटामागे गुंता नको एवढंच होतं.

आई पहिल्यांदा बघून काहीच बोलली नाही. थोड्या वेळाने मागून येऊन मानेवर हात फिरवला आणि म्हणाली, "अगं, इथे तीळ आहे तुला. मी विसरलेच होते." धाकट्या भाच्याने "मावशी, आता तू माझ्यासारखी" एवढा शेरा दिला. बसमध्ये मागून "दादा, जरा सरका" असं ऐकू येतं अधूनमधून. मी सरकते. वळून बघितल्यावर समोरचा माणूसच इतका ओशाळतो की उलट मलाच त्याची समजूत घालावी लागते.

कधी परत वाढवायचे ठरवले तर कसं, हेही मी तिला पहिल्याच खेपेला विचारून घेतलं होतं. वाढवतानाही कापावं लागतं, हे तिचं उत्तर. मानेवरचे केस लवकर लांब दिसतात आणि वरचे मागे पडतात, म्हणून वरचे खाली येईपर्यंत मानेवरचे कापतच राहायचं. नाहीतर पुढे आखूड, मागे शेपूट. कानावरच्या केसांना हनुवटीपर्यंत यायला वर्ष सहज लागतं, खांद्याला टेकायला आणखी तितकंच. हे ऐकूनही मी खुर्चीत बसून राहिले होते, तेव्हा ते पचलं असावं.

सध्या आमच्या दोघींत वाद पुढच्या केसांचा आहे. कानशिलांवर आलेले नवे केस आता बाकीच्यांच्या बरोबरीला येत आहेत आणि ते कपाळावर आणावेत असं तिचं म्हणणं आहे. "झाकायला आता काही राहिलेलंच नाही, पण छान दिसेल," ती म्हणते. मला कपाळावर केस नकोत, चश्म्याच्या काचेला लागतात. मागच्या वेळी मी जिंकले. पुढच्या वेळचं सांगता येत नाही, कारण कात्री तिच्या हातात असते आणि चश्मा मी काढून ठेवलेला असतो.